एझेलचा पाय जरा उशिरा पडतो

टॅरंट्स फेरी, दक्षिण कॅरोलायना
९ मार्च १९८६

चि. लिनवुड,
अनेक आशीर्वाद. तू जिवंत आहेस असं धरून लिहिते आहे. नाताळला तुझं कार्ड आलं नाही, म्हणजे एकतर तू मेलास किंवा तुझ्या आईवर गेलास. माझी बहीण होती म्हणून सांगते, टपालाचं तिकीट चिकटवताना तिच्या जिवावर यायचं.

गेल्या मंगळवारी मला पोलिसांनी पकडलं. घाबरू नकोस. गाडी फार हळू चालवते, मागे रांग लागते, एवढाच गुन्हा. पकडणारा ड्वेन शीली, शीली हार्डवेअरवाल्यांचा थोरला, मैद्यासारखा गोरा. तो माझा परवाना बघत होता आणि त्याच्या गाडीत तुमचं ते रॅप चालू होतं. कोणीतरी स्वतःच्या बुटांबद्दल आणि दुसऱ्याच्या आईबद्दल तावातावाने बोलत होतं. मी नाक मुरडणार, तेवढ्यात मला त्या बडबडीखालचा ड्रम ऐकू आला. लिनवुड, तो तुझा एझेल काका वाजवत होता.

ज्या नवऱ्याला मी अकरा वर्षांपूर्वी माउंट नेबो चर्चच्या मागे पुरलं, तो एका गोऱ्या पोलिसाच्या गाडीत काय करतोय? मी तिथेच स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. ड्वेनला वाटलं मी प्यायले आहे. त्याने मला रस्त्याच्या पांढऱ्या रेषेवरून सरळ चालायला लावलं. एकाहत्तर वर्षांची मी, दारू घेतली ती फक्त खोकल्यासाठी! चालता चालता मी विचारलं, "हे तू का ऐकतोस? तुला काय कळतं त्यातलं?" तो म्हणाला, "काही नाही कळत, बाई. मान आपोआप हलते."

तर दोन गोष्टी. एक, गोऱ्यांना तुमच्या त्या आरडाओरड्यात काय सापडतं, हे मला समजावून सांग. तू त्या धंद्यात होतास. आणि दुसरी, महत्त्वाची. एझेलची रेकॉर्ड परत पाठव. त्याच्या अंत्यविधीनंतर माझ्या घरून घेऊन गेलास आणि म्हणालास, "आठवड्यात परत करतो." एझेलने आयुष्यात एकाच रेकॉर्डवर ड्रम वाजवले आणि ती एकच प्रत माझ्याकडे होती.

घाई अशासाठी की माझा उजवा कान गेला. डावा वर्षाअखेर जाईल असं डॉक्टर म्हणतो. तो जायच्या आत मला तुझ्या काकाला एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं आहे. नंतर मग पास्टर ग्रिम्बॉलचं प्रवचन ऐकू आलं नाही तरी चालेल. त्या बाबतीत देवाची कृपाच म्हणायची.
तुझी मावशी,
व्हर्डेल


ब्राँक्स, न्यू यॉर्क
२२ मार्च १९८६

प्रिय व्हर्डेल मावशी,
सप्रेम नमस्कार. कार्डाबद्दल माफी. बसच्या डेपोत डबल ड्यूटी चालू आहे. तुझ्या कानाचं वाचून वाईट वाटलं. पण तुला पांढऱ्या रेषेवरून चालवलं हे वाचून मी इतका हसलो की आमचा फोरमन कार्मिने बसखालून बाहेर आला.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. गोऱ्यांना लहानपणापासून शिकवतात की स्वतःची स्तुती स्वतः करू नये, पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घ्यावी. आम्ही मधला माणूस काढून टाकला. "मी भारी, माझे बूट भारी, तू कोण?" हे मोठ्याने म्हणायची इच्छा कुणाला नसते? कार्मिने इटालियन आहे, आठ माणसांच्या कुटुंबात सातवा, घरात त्याला कुणी बोलू देत नाही. तो गिअरबॉक्स उघडताना पान्याने ताल धरून तीच गाणी म्हणतो. आणि त्यात तुझ्या ड्वेनला दिवसभर लोकांशी 'सर', 'मॅडम' करत बोलावं लागत असणार. त्याच्या वतीने कोणीतरी उद्धटपणा करतंय, याचं त्याला सुख वाटत असेल.

बाकी त्या गाण्यात काका होता, हा तुझा भास असावा. ड्रम वाजवणारे जगात पुष्कळ आहेत, मावशी, आणि तूच म्हणतेस, एक कान गेलाय. रेकॉर्ड माझ्याकडे अगदी सुखरूप आहे. सोबत पाठवतो. नीट गुंडाळली आहे. पाउंड केक पाठवणार असलीस तर तोही असाच गुंडाळ.
तुझा,
लिनवुड


टॅरंट्स फेरी
१३ एप्रिल १९८६

लिनवुड,
आशीर्वाद या वेळी राखून ठेवते.

माझा एक कान गेलाय, डोकं नाही. तू पाठवलेली रेकॉर्ड लावली. कोणीतरी चांगला वाजवतो, दोन्ही पाय धड असलेला माणूस आहे. माझ्या नवऱ्याचे नव्हते.

तुला माहीत नाही म्हणून सांगते. बावन्न साली लाकडाच्या गिरणीत एझेलच्या उजव्या पावलावर ओंडका पडला. ते पाऊल पुन्हा नीट वळलं नाही. मोठ्या ड्रमची पायपट्टी त्याच पायाने दाबायची असते. त्याचा ठोका कधी चुकला नाही, पण केसभर उशिरा यायचा. चर्चमध्ये लोक टाळी वाजवायला हात उचलायचे, आणि तो पाय पडेपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागायचा. मग पाय पडला की अख्ख्या बाकाची मान एकदम खाली. जुन्या पास्टरने त्याला दोनदा समज दिली होती की देवाच्या घरात असं वाजवू नकोस, बायका हलतात. मी त्या हलणाऱ्या बायकांपैकी एक होते, म्हणून तर लग्न झालं. तो पाय मी पोलिसाच्या गाडीतच काय, नरकातही ओळखेन.

तुझ्या थिअरीबद्दल. स्वतःची स्तुती ऐकायला आवडते म्हणे! मला वाटतं उलट आहे. पास्टर ग्रिम्बॉल व्यासपीठावरून शिव्या घालतो तेव्हा आपण जोरात 'आमेन' म्हणतो, कारण प्रत्येकाला खात्री असते की शिव्या शेजारच्याला आहेत. गोरे लोकही तुमचं ऐकताना तेच करत असतील.

आणि एक सांग. तू पाठवलेल्या तबकडीवर मधला गोल कागदच नाही. नाव नाही, गाव नाही, बोडकी. तुमच्या ब्राँक्समध्ये रेकॉर्डींचं मुंडण करतात का? मला शेंडी लावायला निघालास ते पुरे झालं. माझी रेकॉर्ड कुठे आहे?
व्हर्डेल

ता. क. केक केला होता. शेजाऱ्यांना दिला.


ब्राँक्स
४ मे १९८६

प्रिय मावशी,
तीनदा लिहायला बसलो, तीनदा उठलो. आता सगळं खरं सांगतो. केक राहू दे, पण वाचून तरी बघ.

मुंडण करतो, होय. पंचाहत्तर साली आम्ही उद्यानात दिव्याच्या खांबातून वीज घेऊन पार्ट्या करायचो. अख्खं गाणं कुणालाच नको असायचं, गायक गप्प होऊन नुसता ड्रम राहतो तेवढा मधला तुकडा हवा असायचा. तो मागे ओढून पुन्हा पुन्हा वाजवायचा, पोरं त्यावर नाचायची आणि कोणीतरी माइक घेऊन वर बडबड करायचं. तीच बडबड आता ड्वेनच्या गाडीत पोचली आहे. ज्याच्याकडे असा तुकडा, तो राजा. मग बाकीचे राजे आपली माणसं पाठवायचे, ती तुमच्या खांद्यावरून लेबल वाचायची आणि दुसऱ्या दिवशी तीच रेकॉर्ड विकत आणायची. म्हणून आम्ही नवी रेकॉर्ड आणली की आधी बाथटबमध्ये भिजत घालायचो आणि लेबल खरवडून काढायचो. आई ओरडायची की या घरात माणसांपेक्षा रेकॉर्डींना जास्त आंघोळ मिळते. माझ्याकडे अशा अडीचशे बोडक्या रेकॉर्डी आहेत. कुठली कुठली ते मी ओरखड्यांवरून ओळखतो.

काकाची रेकॉर्डही तुझ्याकडून आणली त्याच दिवशी टबात टाकली. घाई इतकी की नाव वाचलंच नाही. वाचायला हवं होतं, एवढी अक्कल एकोणिसाव्या वर्षी नव्हती. पाकिटावर गवताच्या टोप्या घातलेले पाच गोरे होते, ते माझ्या टेबलापाशी दिसले असते तर माझी अब्रू गेली असती, म्हणून तेही फाडून टाकलं. आणि तो काकाचा तुकडा, मावशी! अकरा सेकंदांचा आहे. पहिल्यांदा वाजवला तेव्हा सगळा पार्क एकदम थांबला आणि मग एकदम हलला. तो उशिरा पडणारा पाय. मी तीन वर्षं त्याच्या जिवावर राज्य केलं.

अठ्ठ्याहत्तरमध्ये रुबेन ओकासियो नावाच्या दुसऱ्या एका राजाशी सामना झाला. अट अशी की हरणाऱ्याने आपली सर्वात चांगली रेकॉर्ड द्यायची. मी हरलो. ही गोष्ट मी आईलाही सांगितली नव्हती. तुला पत्र लिहिताना माझी खोटं बोलायची हिंमत झाली ती याच लाजेतून. गेल्या वर्षी काही पोरांनी रुबेनला स्टुडिओत नेलं, त्याने तोच तुकडा वाजवला आणि त्यावर त्यांनी गाणं केलं. म्हणजे तुझा कान बरोबर होता. मी जे म्हणालो त्याबद्दल मला लाज वाटते.

काल रुबेनच्या सोफ्याच्या दुकानात गेलो. आता तो खुर्च्यांना कापड लावतो, पोट सुटलंय. म्हटलं, मावशीला हवी आहे, दे. म्हणाला, "देतो. पण आधी नाव सांग. आठ वर्षं डोकं खाजवतोय. तो पाय आमचा आहे, पोर्तो रिकोचा. माझे मामा असेच वाजवायचे." म्हटलं, "वेडा आहेस, तो आमचा आहे." तर त्याच्याकडे कापड विकायला आलेला ग्रीक म्हातारा म्हणाला की दोघंही गाढव आहात, असं फक्त त्याच्या बेटावर वाजवतात. मी कार्मिनेलाही विचारलं होतं. तो नेपल्सची शपथ घेतो.

खरं म्हणजे मला नाव सांगताच येईना, कारण मला ते माहीतच नाही. मावशी, रेकॉर्डचं नाव काय होतं? रुबेन त्याशिवाय देणार नाही.
तुझा,
लिनवुड


टॅरंट्स फेरी
८ जून १९८६

लिनवुड,
महिनाभर लिहिलं नाही. आधी रागावले होते, मग दुसरंच काही होत होतं. त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

नाव लिहून घे. 'बक्स्टर टील आणि त्याचे बागवाले'. गाण्याचं नाव, 'व्यासपीठावर चढलेलं खेचर'. हो, हसायचं तेवढं हसून घे. फिडल आणि बँजो वाजवणारं गोऱ्यांचं गावठी पथक. तुमच्या ब्राँक्समध्ये तीन वर्षं राज्य केलंस ते या खेचरावर बसून.

एकसष्ट साल. बक्स्टरने गुरांच्या खाद्याच्या दुकानाच्या माडीवर रेकॉर्डिंग ठेवलं होतं. एझेल त्यांचं सामान वर न्यायला गेला होता. त्यांचा ड्रमवाला हॉइट जिन्यातच लवंडला, इतका प्यायला होता. एझेल म्हणाला, "मी थोडं वाजवतो." बक्स्टर म्हणाला, "तुझा पाय मागे राहतोय." एझेल म्हणाला, "येतोय की. थांबा जरा." मग रेकॉर्डिंग तसंच झालं. मोबदला म्हणून डुकराच्या खारवलेल्या मांडीचा एक हॅम मिळाला. हॅम उत्तम होता, तेवढं खरं.

पाकिटावर छापलं हॉइटचं नाव आणि हॉइटचाच फोटो. बक्स्टर घरी येऊन म्हणाला, "एझेल, कुणाला बोलू नकोस. काळा माणूस वाजवतोय कळलं तर इथे कुणी घेणार नाही." आणि लिनवुड, त्या गाण्यावर सगळ्या परगण्यातले गोरे नाचले. फळं उतरवायच्या दिवसांत त्यांच्या मंडपात हेच वाजायचं आणि आम्ही दोघं रस्त्यापलीकडे गाडीत बसून बघायचो. एझेल म्हणायचा, "बघ, आता माना." आणि एकदम सगळ्या माना खाली जायच्या. तो इतका हसायचा की गाडी हलायची. मला हसू यायचं नाही.

एझेल कधी कुणाला बोलला नाही. पण त्या रात्रीच त्याने सुताराची पेन्सिल घेतली आणि लेबलवर, भोकाच्या शेजारी, बारीक अक्षरात लिहिलं: 'ड्रम मी वाजवले. एझेल गॅडसन.' जगात एवढ्या एकाच जागी ते लिहिलेलं होतं.

तू ते लेबल बाथटबमध्ये धुतलंस.

तुला रडवायला हे सांगत नाही. थोडं रडलास तर हरकत नाही. पण रेकॉर्ड आण.
व्हर्डेल


ब्राँक्स
१३ जुलै १९८६

प्रिय मावशी,
तुझं पत्र डेपोत वाचलं. कार्मिने मला बाजूला घेऊन बसला आणि त्याने मला अर्धं सँडविच दिलं. इटालियन माणूस स्वतःचं सँडविच देतो म्हणजे माझं तोंड किती वाईट दिसत असेल विचार कर.

मग रुबेनकडे गेलो. नाव सांगितलं. "खेचर?" म्हणाला आणि सोफ्यावरून खाली पडून हसला. त्याची बायको बघायला आली, तीही हसली. मग मी पुढचं सांगितलं. जिना, हॅम, हॉइटचा फोटो, पेन्सिल आणि टब. रुबेन उठला, आत गेला आणि ती रेकॉर्ड छातीशी धरून बाहेर आला. म्हणाला, "माझे मामाही हॉटेलात वाजवायचे आणि मागच्या दाराने जायचे."  

आता पत्रातली वाईट गोष्ट. रेकॉर्ड लावायच्या आधी हे वाच म्हणून पत्र खोक्यात वरच ठेवलंय. आम्ही दुकानात ती लावून बघितली. फिडल कालच वाजवल्यासारखं स्पष्ट आहे. बँजो स्पष्ट. बक्स्टरचं खिंकाळणंसुद्धा स्पष्ट. कारण ते कधी कुणी वाजवलंच नाही. आणि काकाचे अकरा सेकंद आले तशी नुसती खरखर. मावशी, आम्ही दोघांनी मिळून तेवढाच तुकडा दहा वर्षं सुईखाली मागेपुढे ओढला. तिथे आता काही उरलेलं नाही, शेवटचं जे होतं ते गेल्या वर्षी त्या पोरांच्या गाण्यात गेलं. जे आम्हाला सगळ्यात जास्त आवडलं तेच आम्ही झिजवून टाकलं.

मी तुला दुसऱ्यांदा फसवणार नाही, म्हणून सांगितलं. रेकॉर्ड पाठवतो, कारण ती तुझी आहे. रुबेनने गोल कागद कापून मधे चिकटवला आहे. खुर्चीचं कापड लावायच्या डिंकाने, म्हणजे आता टबात टाकली तरी निघणार नाही. त्यावर आम्ही काही लिहिलं नाही. आम्हाला तो आपला हक्क वाटला नाही.

तू विचारलं होतंस ना, गोऱ्यांना त्यात काय सापडतं? मी थिअरी मारल्या होत्या. आता वाटतं, रुबेनला मामा सापडले, कार्मिनेला नेपल्स सापडलं. लेबल नव्हतं म्हणून प्रत्येकाला आपापलं माणूस सापडलं. फक्त ज्याचा पाय होता त्याचं नाव कुणाला सापडलं नाही, आणि ते माझ्यामुळे.

ऑगस्टमध्ये सुट्टी मिळाली की त्या पोरांचं ते गाणं कॅसेटवर घेऊन येतो, वाजवायच्या मशीनसकट. तोवर मला माफ करता आलं तर बघ.
तुझा,
लिनवुड


टॅरंट्स फेरी
३ ऑगस्ट १९८६

चि. लिनवुड,
अनेक आशीर्वाद. राखून ठेवलेलेही यात धर.

रेकॉर्ड पोचली. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. बक्स्टर इतका वाईट गायचा हे मी विसरले होते. खरखर आली तेव्हा मी सुई उचलली नाही. चौदा वर्षं मी ते गाणं गोऱ्यांच्या मंडपातलं म्हणून रागाने ऐकलं, कधी नीट ऐकलंच नाही. तुम्ही पोरांनी ते झिजेपर्यंत ऐकलंत. एझेलला हे कळलं असतं तर तो गाडी हलेपर्यंत हसला असता. तेव्हा माफी वगैरे सोड, उगाच नाटकं करू नकोस. रुबेनला सांग, कागद सरळ कापला आहे. मी त्याच्यावर पेन्सिलनेच लिहिलं: 'ड्रम त्याने वाजवले. एझेल गॅडसन.'

मग मला तुझी सुट्टी होईपर्यंत दम निघेना. डावा कान रोज थोडा थोडा जातोय, सकाळी चमचा पडला तो ऐकू आला नाही. म्हणून शुक्रवारी गाडी काढली आणि पेट्रोल पंपापासून चर्चपर्यंत ताशी आठ मैलांनी नेली. मागे बारा गाड्या, सगळे भोंगे वाजवत होते, पास्टर ग्रिम्बॉलसकट. शेवटी ड्वेन शीलीचा दिवा मागे दिसला.

तो खिडकीशी आला, "पुन्हा तुम्हीच, बाई?" मी म्हटलं, "ते गाणं आहे का अजून? खेचराचं?" त्याला खेचर काही कळलं नाही. मी उतरले आणि त्याच्या गाडीत जाऊन बसले, पुढच्या सीटवर. एकाहत्तर वर्षांत पोलिसाच्या गाडीत पहिल्यांदा बसले. पास्टर बाजूने गेला, त्याचं तोंड उघडं. आता रविवारी माझ्या नावाने प्रार्थना होईल.

ड्वेनला सगळं सांगितलं. तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "खरं सांगू का? मी धरून चाललो होतो की वाजवणारा कुणीतरी आमच्यातला असणार. माझे आजोबा त्या मंडपात नाचायचे, त्यांची मान अशीच हलायची." मी म्हटलं, "तुझ्या आजोबांची मान मी बघितली आहे. पलीकडच्या गाडीतून."  त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कॅसेट सुरुवातीपर्यंत मागे नेली.

मी डावा कान दारातल्या स्पीकरला लावला. आधी ती बडबड सुरू झाली, बूट, अंगठ्या, कुणाची तरी आई. मी डोळे मिटून थांबले. टाळीचा ठोका पडला, मग ती जागा आली, आणि जीव टांगणीला लागला, चर्चमध्ये लागायचा तसाच. तुझा काका आला, लिनवुड. केसभर उशिरा. मी म्हटलं, "आलास का रे मेल्या?"

ड्वेनला वाटलं मी त्याच्यावर ओरडले. त्याने घाबरून आवाज कमी केला. मी त्याच्या हातावर एक चापट मारली आणि तो पुन्हा वाढवला.
तुझी मावशी,
व्हर्डेल